आवारी मॅडमचं रिकामं चित्र

आमच्या दवाखान्याच्या तळघरात काम करायला बायका तयार नसायच्या. तिथं किरणांचं खातं आहे, केस गळतात, मूल राहत नाही, असं काय काय वरच्या मजल्यावर ऐकायला मिळायचं. मी नवीन लागले होते आणि मला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून मला तिकडं लावलं. पहिल्या दिवशी बादली घेऊन जिना उतरत होते तर खालून एका बाईचा आवाज आला.

"माझी धार काढून झाली! किती वाट बघू? पेशंट पाठवा पटकन!"

मी जिन्यातच थांबले. आमच्या घरी दोन गाई आहेत. पहाटे धारा काढूनच मी कामाला येते. पण नगर शहरात, दवाखान्याच्या तळघरात, गाय कुठून आली? वास घेऊनसुद्धा बघितला. फिनेलचा वास येत होता.

खाली फोनवर बोलत एक बुटकी बाई उभी होती. अंगात पांढरा कोट, पायात पळायचे बूट, छातीला एक बिल्ला आणि बोटात प्लास्टिकची जाड अंगठी. बिल्ला आणि अंगठी दागिना म्हणून नव्हते, दिवसभरात अंगावर किती किरणं पडली ते मोजायला होते, हे मला नंतर कळलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "नाव काय?"

मी म्हटलं, "मावशी म्हणा."

"मावशी हे नाव नाही. मलाही सगळे मॅडम म्हणतात, म्हणून माझं बारसं झालं नाही का? नाव सांगा."

"इंदू."

"मोठ्यानं."

"इंदू."

"हां. इंदूबाई, आधी चला, तुम्हाला आमची गाय दाखवते."

त्या आवारी मॅडम. त्यांना हा दवाखाना सोडून जाऊन आता वर्ष होत आलं. मुलीची अर्धी उरलेली वही आहे, तिच्यात हे लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही. पण मॅडम जशा होत्या तशा डोक्यात आहेत तोवर लिहावं असं वाटलं.

गाय म्हणजे शिशाचा एक जड डबा होता. दर आठवड्याला मुंबईहून टेम्पोनं यायचा आणि दोन माणसांना मिळून उचलायला लागायचा. त्यात वरून मीठपाणी सोडलं की खालच्या बाटलीत पाण्यासारखं औषध उतरायचं. त्या औषधातून किरणं निघतात. सगळ्या दवाखान्यांत या डब्याला गायच म्हणतात, हे मॅडमनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. नवीन डबा आला की भरपूर द्यायचा आणि आठवडा संपेपर्यंत आटायचा. पण खरी गंमत पुढं होती. काढलेलं औषध टिकायचं नाही. सहा तासांत निम्मं व्हायचं.

"सकाळी लिटरभर काढलं असं समजा," मॅडम म्हणाल्या, "दुपारी अर्धा लिटर, रात्री पावशेर. कुणी प्यायलं नाही, सांडलं नाही, तरी. आहे का अशी गाय तुमच्याकडं?"

मी हसले. कामाच्या ठिकाणी मी हसल्याचं मला तरी तेच पहिलं आठवतं.

म्हणून मॅडम सारख्या पळायच्या. वरून पेशंटची खुर्ची यायला उशीर झाला की जिन्यात उभं राहून ओरडायच्या, "माझं दूध नासतंय!" वॉर्डबॉय त्यांना घाबरायचे आणि मागे नक्कलही करायचे. मॅडमना ते माहीत होतं. एकदा त्यांनी नक्कल करणाऱ्याला पकडलं आणि म्हणाल्या, "आवाज बरोबर काढलास, पण हात असा कमरेवर पाहिजे." आणि करून दाखवलं.

त्या अकोले तालुक्यातल्या, डोंगरातल्या गावच्या. घरची भातशेती. डब्यात सात दिवस भात. आमच्या खात्यात आत काही खायला बंदी होती, म्हणून बाहेर पायरीवर बसून जेवायच्या. पोळी खाल्ली तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणायच्या. पेशंटला सुई टोचण्याआधी नाव विचारायच्या, मग गाव, मग रानात काय आहे. माणूस पिकाचं सांगायला लागला की सुई आत. नावं त्या विसरायच्या, पिकं विसरायच्या नाहीत. "ते मिरजगावचे तूरवाले परत आले का?" असं विचारायच्या.

आणि चित्र चांगलं आलं की हाताचा तळवा दोनदा टेबलावर आपटायच्या. धप्, धप्. "आलं!" बाहेर बसलेले लोक दचकायचे.

आमच्याकडं हाडांची, किडनीची, थायरॉइडची तपासणी व्हायची. पण मॅडमचा जीव एका नव्या तपासणीत होता. ती आमच्याकडं नुकतीच सुरू झाली होती आणि महिन्यातून एखाद-दुसरीच व्हायची. अंगात जंतू नेमके कुठं बसलेत ते शोधायची तपासणी. मला ती त्यांनी सांगितली ती अशी. आपल्या अंगातच जंतूंना मारणारं औषध तयार होत असतं, दुकानातून न आणता, आपलं आपण. त्या औषधाचा एक बारीक तुकडा तसाच्या तसा बनवून बाटलीत येतो. मॅडम त्याला गाईचं औषध चिकटवायच्या आणि शिरेतून सोडायच्या.

पेशंटला मात्र त्या वेगळं सांगायच्या. "हा आपल्या घरचाच राखणदार आहे. आम्ही फक्त त्याच्या हातात बॅटरी दिलीय. तो अंगभर फिरणार, चोर दिसला की त्याला धरून बसणार. आपण वरून बघायचं, बॅटरी कुठं लागलीय."

"आन् नुसती सूज असली तर?" एका बाईनं विचारलं होतं.

"सूज म्हणजे गर्दी. गर्दीत हा थोडा रेंगाळतो, बघतो, पुढं जातो. धरून बसतो तो चोरालाच."

ही तपासणी म्हटलं की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. आदल्या दिवशीच बाटल्या मोजून ठेवायच्या. चित्र काढणारं मोठं यंत्र होतं, त्याला त्या सकाळी सकाळी थोपटायच्या आणि म्हणायच्या, "आज डोळे नीट उघड बरं का."

पुणतांब्याचे एक म्हातारे बाबा आले होते, त्यांची गोष्ट सांगते. टोचण्याआधी सगळ्यांना सांगायला लागतं की आजच्या दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका, पोटुशी बाईजवळ बसू नका, किरणं तुमच्या अंगात असतात. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "बाई, आमची म्हैस गाभन हाय. तिचं काय?"

बाकीचे लोक खो खो हसले. डॉक्टरसुद्धा हसले. मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या आणि विचार करायला लागल्या.

"कितवा महिना?"

"नववा."

"धार तर काढत नसाल आता."

"न्हाई, आटवली. पन रातच्याला मी तिच्यापशीच निजतो."

"आज नका निजू. आज दुसऱ्या कुणाला निजवा. उद्या सकाळी खुशाल जा."

बाबा समाधानानं आडवे झाले. संध्याकाळी मॅडमनी पेशंटच्या सूचनांचा कागद घेतला आणि पोटुशी बाईच्या खाली आपल्या हातानं लिहिलं : गाभण जनावर. वरून कुणीतरी विचारलं, हे काय? मॅडम म्हणाल्या, "हा नगर जिल्हा आहे."

तोच कागद पुढं माझ्याकडं आला. मी एकदा फरशी पुसताना भिंतीवरची पाटी वाचत होते, ओठ हलत होते, ते त्यांनी बघितलं. "वाचता येतं?" मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकले. "मग फरशीच का पुसता नुसती?" त्या दिवसापासून बायकांना सूचना वाचून दाखवायचं आणि त्यांचे कपडे बदलून घ्यायचं काम माझं. अंगावरचे सगळे कपडे काढायचे, अगदी आतलेसुद्धा, आणि दवाखान्याचा झगा घालायचा. टोचल्यावर भरपूर पाणी प्यायचं आणि सारखं लघवीला जायचं, कारण औषध लघवीतून बाहेर पडतं. हे मी हळू आवाजात वाचायचे. मॅडम लांबून ओरडायच्या, "मोठ्यानं, इंदूबाई! लग्नपत्रिका वाचत नाही आपण, लाजायला!"

हाडांचे गुंजाळ डॉक्टर आणि मॅडम यांचं सतत वाजायचं. डॉक्टर चांगले होते, पण घाईचे. "मॅडम, जंतू आहेत की नाहीत, हो का नाही, एवढं सांगा." मॅडम म्हणायच्या, "हो-नाहीच पाहिजे तर छापा-काटा करा. मी काय दिसतं ते सांगते. दिसलं म्हणजे कळलं असं नाही." हे त्यांचं ठरलेलं बोलणं. चित्र समोरून काढलं की त्या कडेनंही काढायच्या. समोरून एका जागी दिसणारी गोष्ट कडेनं बघितली की आत आहे का वर आहे ते समजतं. हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. एकदा सोडून.

कौसाबाई आली तो दिवस.

कौसाबाई पाथर्डीकडची. तिशीतली असेल. नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. दोन वर्षांपूर्वी उसाची बैलगाडी उलटून तिची उजवी मांडी मोडली. दुसरीकडं कुठंतरी ऑपरेशन करून आत रॉड टाकला. तेव्हापासून काठी. पाय ठणकायचा, मधूनच कोमट लागायचा. एक्स-रेमध्ये नीट कळेना, रक्तातही कळेना. म्हणून गुंजाळ डॉक्टरांनी पंधरा दिवस जंतूंच्या गोळ्या बंद ठेवून तिला आमच्याकडं पाठवलं.

मॅडमनी सुई तयार ठेवून नेहमीसारखं विचारलं, "रानात काय आहे?"

"रान हाय, पानी न्हाई," कौसाबाई म्हणाली. मग मॅडमचा हातच धरला. "बाई, तुमच्या चित्रात जंतू निघालं तर रॉड काढायचा म्हनत्यात. सहा म्हैनं खाट. मंग परत दुसरा टाकायचा. व्हय का?"

"निघाले तर तसंच करावं लागेल. नाहीतर पाय जाईल."

"मी पडले तवा थोरली घरी बसली, साळा सोडून. माझं करायला कोन हाय दुसरं? आता परत सहा म्हैनं पडले तर धाकटीबी बसंल."

"थोरली कितवीत होती?"

"चवथी पास झाली हुती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही पट्टी फाडत राहिले.

"चोर असला तर सापडलाच पाहिजे, कौसाबाई," मॅडम म्हणाल्या, "आणि नसला तर उगाच घर पाडायचं नाही. दोन्ही माझं काम. हात सोडा आता, दूध नासतंय."

आता माझी चूक सांगते. कपडे बदलताना कौसाबाईनं लुगडं सोडलं, चोळी काढली, पण परकराला हात लावू देईना. "बाहेर बापे बसल्यात. झगा मागून उघडा हाय. असू द्या वो ताई, कोन बघतंय?" मला तिची दया आली. मीही तेच केलं असतं. परकर मांडीपर्यंत वर खोचून झग्याखाली राहू दिला. वरून दिसत नव्हता.

अर्ध्या तासानं पहिलं चित्र काढलं. पोटाच्या खाली लघवीची पिशवी नुसती दिव्यासारखी पेटलेली. मांडीत काही खास नाही. मॅडमनी तिला आणखी पाणी प्यायला लावलं आणि जाऊन यायला सांगितलं. कौसाबाई म्हणाली, "लागली न्हाई." दहा मिनिटांनी विचारलं, तरी "न्हाई." मी तिच्याशेजारी बसले होते. ती हळूच म्हणाली, "ताई, फडात आमाला दिसभर जागा मिळती व्हय? पानीच पीत न्हाई आमी. दाबून धरायची सवं हाय." संडासाला बाहेरच्या बाकांच्या पुढून जावं लागायचं आणि बाकांवर सगळे पुरुष. तिनं धरून ठेवलं. मॅडमच्या शब्दाला मान म्हणून पाणी मात्र तांब्याच्या तांब्या प्यायली.

शेवटी असह्य झालं तेव्हा काठी टेकत निघाली. काठीवर पळता येत नाही. दारात पोचायच्या आत थोडी झाली. मी मागेच होते. तिनं माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघितलं की मी मान वळवली. आत जाऊन तिनं परकराचा काठ पाण्यानं धुतला, पिळला आणि तसाच अंगावर ठेवला. "कुनाला सांगू नका ताई." मी मान हलवली. फरशी मी पुसून घेतली, पोछा नेमून दिलेल्या पिंपात टाकला, हातमोजे टाकले. नियमातलं सगळं केलं, एक सोडून.

दोन तासांनी दुसरं चित्र निघालं. उजव्या मांडीच्या वरच्या भागात, रॉड असतो तिथंच, लांबट लख्ख पट्टा.

धप्, धप्! "आलं!" मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "बघा, बघा इंदूबाई! मघाशी नव्हतं, आता आलं. धरून बसलाय बघा!" धातूच्या आजूबाजूला एवढं स्पष्ट चित्र आमच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी स्वतः फोन केला. गुंजाळ डॉक्टर दोन मिनिटांत खाली. त्यांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "हे तर सरळच आहे. उद्या सकाळी पहिलीच घेतो. रॉड बाहेर." आणि वळले.

कौसाबाई टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होती. रडली नाही. फक्त विचारलं, "सहा म्हैनं का?"

 तो पट्टा मी बघितला होता. काठ पिळताना परकर ज्या जागी मांडीला चिकटलेला मी बघितला होता, तीच जागा. मला मॅडमसारखं शास्त्र येत नाही. पण औषध लघवीतून पडतं हे मी रोज वाचून दाखवत होते. आणि सांगितलं तर माझं काम जाणार, हेही दिसत होतं. डॉक्टर दाराशी पोचले. मी मॅडमच्या कोटाची बाही धरली.

"मॅडम, परकर."

"काय?"

"तिनं परकर काढला नाही. मी काढू दिला नाही... म्हणजे राहू दिला. तो भिजला होता."

मॅडमचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "कशानं भिजला? पाण्यानं?"

"लघवीनं. मग पाण्यानं."

"कधी? पहिल्या चित्राच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"उजवीकडं?"

"उजवीकडं."

"अगं बाई!" एवढंच म्हणून त्या सुटल्या. जिन्यातून त्यांचा आवाज सगळ्या दवाखान्यानं ऐकला असेल. "डॉक्टर! थांबा! चित्र परत काढायचंय! माझी चूक झाली!"

गुंजाळ डॉक्टर वैतागत खाली आले. मॅडमनी भिंतीवरचं टिकटिक करणारं छोटं यंत्र काढलं. रोज संध्याकाळी त्या ते टेबलांवरून, फरशीवरून फिरवायच्या. ते कौसाबाईच्या झग्याजवळ नेलं. टिक टिक टिक करणारं यंत्र परकराच्या काठाशी आल्यावर किंचाळायला लागलं.

"पट्टा मांडीत नाही, परकरावर आहे," मॅडम म्हणाल्या. "निदान थोडा तरी. मी कडेनं चित्र काढलं असतं तर लगेच दिसलं असतं. आनंदाच्या भरात काढलं नाही."

"पण पेशंटचे कपडे कुणी तपासले नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेबलावर घेताना मी तपासायचे असतात. मी तपासले नाहीत."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मग जी धावपळ झाली ती आठवली तर आजही माझे हात भरभर हलायला लागतात. घड्याळ पुढं पळत होतं, औषध कमी होत होतं. मॅडमनी तपासणीच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. बाहेरच्या सगळ्या पुरुषांना वरच्या मजल्यावर पाठवलं. "चहा प्या, काहीही प्या, पण वर जा!" मी आणि कौसाबाई आत. परकर काढून पिशवीत, पिशवी शिशाच्या पेटीत. साबणानं मांडी धुतली. यंत्र लावलं, टिकटिक. परत धुतली. यंत्र लावलं, कमी. परत धुतली. "आणखी एकदा," दाराबाहेरून मॅडम. कौसाबाई लाजेनं अर्धी झाली होती. पण तिसऱ्यांदा पाणी ओतल्यावर म्हणाली, "ताई, लगनात बी येवढी हळद उतरवली न्हवती माझी." आणि आम्ही दोघी हसायला लागलो, थांबता येईना.

"हसू नका, धुवा!" बाहेरून आवाज.

"आणि लघवी?" मॅडमनी विचारलं.

"आता कोन बी न्हाई ना भाईर? मंग करते की."

नवा झगा घालून तिला टेबलावर घेतलं. या वेळी समोरून आणि कडेनं. चित्र एकदम येत नाही, ठिपका ठिपका साठत येतं, पाऊस पडायला लागल्यावर अंगण भिजतं तसं. गुंजाळ डॉक्टर मागे हात बांधून उभे. मॅडम पडद्याला नाक लावून. मी दाराशी. ठिपके पडत होते. कंबर दिसायला लागली. पिशवीचा लहानसा दिवा दिसला. डावी मांडी, उजवी मांडी. आम्ही बघतोय, बघतोय. उजवीत पट्टा येईना. दोन्ही मांड्या सारख्याच, पुसट. कडेनं तसंच.

 मॅडमनी तळवा उचलला आणि टेबलावर आपटलाच नाही, हवेत तसाच धरला.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "इंदूबाई, बघा ना. काहीच नाही!"

रिकाम्या चित्राकडं बघून इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की नाही म्हणत. बॅटरी कुठं लागलेली दिसत नाही, इतकं म्हणते. मघाशी घाईनं हो म्हटलं, आता घाईनं नाही म्हणणार नाही."

गुंजाळ डॉक्टरांनी थोडा विचार केला. रॉड काढायचा नाही असं ठरवलं. गुडघ्याजवळचा एक स्क्रू ढिला होऊन त्यानंच पाय ठणकत असेल, असा त्यांना आधीपासून संशय होता. लहानसं ऑपरेशन करून तेवढा काढायचा, तिथलं थोडं मांस लॅबमध्ये पाठवायचं. त्यात जंतू वाढले तर मग रॉडचं बघू.

सगळे गेल्यावर मॅडमनी मला पायरीवर बोलावलं. मला वाटलं, आता कामावरून काढणार. त्या म्हणाल्या, "दया आली म्हणून सोडलंत ना?"

मी हो म्हटलं.

"पुढच्या वेळी दया आली की मला हाक मारा. दार लावून घेऊ, पुरुषांना हाकलू, दोन झगे घालू, पुढून एक आणि मागून एक. दयेची सोय करता येते. पण लपवायचं नाही." मग म्हणाल्या, "आणि बाही धरलीत ते बरं केलंत. मी ओरडले असते तरी धरून ठेवायची होती."

दुसऱ्याच दिवशी पुरुषांचे बाक त्यांनी स्वतः ढकलत जिन्यापलीकडं नेले. झगे दोन दोन झाले.

स्क्रू काढला आणि मग सुरू झालं वाट बघणं. लॅबमध्ये त्या मांसाचा तुकडा बशीत ठेवतात आणि काही दिवस बघतात, जंतू उगवतात का. मॅडम म्हणायच्या, "पेरलंय." रोज सकाळी धार काढून झाली की पहिला फोन लॅबला. "उगवलं का?" तिकडून काही सांगायचे, मॅडम फोन ठेवायच्या, माझ्याकडं बघून मान हलवायच्या. भातवाल्यांची लेक, उगवू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेली. मीही रोज कामावर आले की आधी त्यांच्या तोंडाकडं बघायचे. दुसरा दिवस नाही. तिसरा दिवस नाही. चौथ्या दिवशी फोन लागेना, तर मॅडम स्वतः तिसऱ्या मजल्यावर जाऊन आल्या. लॅबमधला माणूस त्यांना म्हणाला म्हणे, "मॅडम, तुम्ही सारखं दार उघडलंत तर भलतंच काहीतरी उगवेल."

शेवटचा रिपोर्ट आला तेव्हा मी जिना पुसत होते. वरून पळत येणाऱ्या बुटांचा आवाज आला. "ओलं आहे, मॅडम, सावकाश!" मी ओरडले. मी ओरडले, मोठ्यानं. त्या ऐकतायत कुठं? शेवटच्या तीन पायऱ्या घसरतच आल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या, कागद वर धरला.

"काही उगवलं नाही!"

मग पेशंटची खुर्ची ढकलणाऱ्याला सांगितलं, काही उगवलं नाही. दारावरच्या वॉचमनला सांगितलं, काही उगवलं नाही. वॉचमन बिचारा म्हणाला, "पाऊसच नाही ना मॅडम यंदा, कसं उगवेल?"

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी मॅडमना नागपूरकडं मोठ्या जागेवर काम मिळालं. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात कौसाबाई पाय दाखवायला आली. काठी नव्हती. वर डॉक्टरांकडं जायच्या आधी ती खाली आमच्याकडं आली. माझ्या हातात पिशवीभर हुलगे ठेवले आणि म्हणाली, "थोरली जाती परत साळंत. पाचवीत घातली. तिच्यापरीस बारकी पोरं वर्गात हायती, म्हनून रडती रोज. मी म्हनलं, रड पन जा."

मॅडम आतून धावत आल्या. मिठी नाही, काही नाही. तिला बोळाच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन फरशीवर उकिडव्या बसल्या, पांढरा कोट फरशीवर लोळतोय, डोळे तिच्या मांडीच्या बरोबर समोर. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

"चाला."

कौसाबाई चालली.

"दुखतं?"

"न्हाई."

"खरं सांगा, कौसाबाई."

"देवाशप्पत न्हाई वो."

"पाय थोडा बाहेर पडतोय. कडेनं बघू द्या." मॅडम बसल्या बसल्याच भिंतीकडं सरकल्या. "हां. आता परत चाला."